रेघ सरकत होती

आम्ही भंडारा जिल्ह्यातले. रोवणीच्या दिवसांत पंधरा-वीस दिवस अनवाणी पायांनी बांधीतल्या चिखलात. यंदा घोट्यापाशी बारीक पुरळ आलं, खाजलं, बसलं. चिखल्या असतील म्हणून सोडून दिलं.

खरा त्रास दिवाळीनंतर सुरू झाला. कमरेखाली, मांडीच्या मागे लाल फुगीर रेघ उठायची आणि खाज अशी की झोप नाही. सासूबाई म्हणाल्या, "नागीण होय वो बाई, गेरू लाव." लावला. पण नागिणीचे फोड एका जागी येतात, ही तर चालत होती. एका रात्री लेकीने रेघेच्या टोकाशी बॉलपेनने खूण केली. तासाभराने पाहिलं, तर रेघ खुणेच्या चार बोटं पुढे गेलेली! लेक माझा हात सोडेना.

औषधाच्या दुकानातून खाजेच्या गोळ्या आणल्या. बरं वाटलं म्हणून पुन्हा आणल्या. शेवटी जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टर मॅडमनी आधी त्या गोळ्यांची पट्टी बघितली. "ताई, हे स्टेरॉइड आहे. आजपासून बंद. पोटात एका जातीचे जंत असतील तर यानं ते अंगभर पसरू शकतात, जिवावर बेततं." माझे हातपाय गार पडले. चिठ्ठीशिवाय ती पट्टी मला कुणी द्यायलाच नको होती.

रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या निघाल्या, जंत असले की त्या वाढू शकतात. मग तीन दिवस संडासची तपासणी. डबी पिशवीत लपवून एसटीने न्यायची, लाज वाटायची. पहिल्या दोन्हींत काही नाही. तिसऱ्यात अळ्या दिसल्या. स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या जंताच्या. मातीतून पायाच्या कातडीत शिरतात, आतड्यात जातात, तिथं पिल्लं होतात आणि त्यातली काही पुन्हा आपल्याच अंगात शिरतात. म्हणून औषध घेतलं नाही तर वर्षानुवर्षं जात नाहीत.

"शाळेत 10 फेब्रुवारीला पोरांना देतात ती जंताची गोळी मी खाल्ली होती ना?" मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, ती अल्बेंडाझोलची, साध्या जंतांना चालते, यावर कमी पडते. मला वजनाच्या हिशेबाने आयव्हरमेक्टिन दिलं, उपाशीपोटी, दोन दिवस. आठवड्यात रेघ उठायची थांबली.

पुढच्या महिन्यात पुन्हा डबी न्यायची आहे. जाऊबाईंच्या मांडीवरही तशीच रेघ उठते, त्या कुणाला सांगत नव्हत्या. त्यांना सोबत नेते आहे.