तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन उबंटू टाकलं, आता काही इन्स्टॉलच होईना

"उबंटू अपग्रेड केलं आणि आता एकही सॉफ्टवेअर धड इन्स्टॉल होत नाहीये, परत फॉरमॅट मारू का?" उबंटू, म्हणजे विंडोजऐवजी टाकतात ती लिनक्स सिस्टिम, वापरणारं कुणीतरी हे मला महिन्यातून दोनदा तरी विचारतंच, भाचा, ऑफिसातली पोरं, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं. तर नका मारू. मी मारलाय फॉरमॅट, आणि चार तास घालवून सगळं परत टाकल्यावर तोच एरर समोर हजर.

माझी खरी फजिती उबंटूच्या २०.०४ आवृत्तीवरून २२.०४ वर गेलो तेव्हा झाली. एक ॲपइमेज होती (इन्स्टॉल न करता एकाच फाइलमधून चालणारं सॉफ्टवेअर), रोजच्या वापरातली, डबल क्लिक केलं की काहीच व्हायचं नाही, एरर नाही, खिडकी नाही, ढिम्म. टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, चालवली तेव्हा कळलं की तिला लागणारी लिबफ्यूज२ ही लायब्ररी (सॉफ्टवेअरची मदतनीस फाइल) सापडत नाहीये, कारण २२.०४ मध्ये नवं फ्यूज३ येतं आणि जुनं लिबफ्यूज२ आधीपासून टाकलेलं नसतं. आता मला टाकायचं होतं लिबफ्यूज२, पण कुठल्यातरी जुन्या उत्तरातून मी उचलली 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल फ्यूज' ही कमांड (ॲप्ट म्हणजे उबंटूचं सॉफ्टवेअर टाकणारं-काढणारं साधन, सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने). ॲप्टने बिचाऱ्याने सांगितलं होतं हो, "ही पॅकेजेस काढली जातील" म्हणून, खाली फ्यूज३ होतं, डेस्कटॉपसाठी लागणारं उबंटू-सेशन होतं, अजून बरीच नावं होती, आणि मी ती न वाचता वाय दाबून चहा आणायला गेलो. रीस्टार्ट केल्यावर डेस्कटॉप गायब. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवर लॉगिन केलं, वायफाय नशिबाने चालू होतं, 'उबंटू-डेस्कटॉप' परत इन्स्टॉल केलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. बायको विचारत होती लाइट गेली का म्हणून.

२४.०४ मध्ये त्याच लायब्ररीचं नाव लिबफ्यूज२टी६४ झालंय. २०३८ साली ३२ बिटमध्ये मोजलेली वेळ संपणार, म्हणून वेळ ६४ बिटची करताना बऱ्याच लायब्रऱ्यांच्या नावामागे हे टी६४ लागलं. जुनं नाव टाकलं तरी ॲप्ट बहुतेक वेळा स्वतःच नव्याकडे वळतं, तेवढं समजूतदार आहे ते.

दुसरी तक्रार पीपीएची, म्हणजे उबंटूबाहेरच्या लोकांनी चालवलेल्या सॉफ्टवेअरच्या साठ्यांची (रिपॉझिटरीजची). अपग्रेड करताना बाहेरच्या रिपॉझिटरीज उबंटू स्वतःच बंद करून ठेवतं, त्यामुळे तुमचं सॉफ्टवेअर दिसतं पण अपडेट येत नाही. त्या परत चालू करताना आत 'जॅमी' लिहिलंय का 'नोबल' ते बघा, २२.०४ म्हणजे जॅमी, २४.०४ म्हणजे नोबल. आणि त्या पीपीएवाल्याने नोबलसाठी काही बनवलंच नसेल तर नुसतं नाव बदलून काय होणार, रिलीज फाइल नाही म्हणून ॲप्ट ओरडणारच. मग ते पीपीए सोडून द्या, स्नॅप किंवा फ्लॅटपॅक, म्हणजे सॉफ्टवेअर टाकायच्या दुसऱ्या पद्धती, बघा. स्नॅपवर माझा राग आहे पण तो वेगळा विषय.

डाउनलोड केलेली डेब फाइल (उबंटूची इन्स्टॉलर फाइल) डबल क्लिकने नाही टाकली गेली तर टर्मिनलमध्ये त्याच फोल्डरमध्ये जाऊन सुडो ॲप्ट इन्स्टॉल, पुढे टिंब-स्लॅश (./), मग फाइलचं नाव. ते टिंब-स्लॅश विसरलात तर ॲप्ट त्या नावाचं पॅकेज आपल्या रिपॉझिटरीजच्या यादीत शोधतं, समोरची फाइल बघतच नाही.

भाच्याचं दुखणं पिपचं, म्हणजे पायथन या भाषेची पॅकेजेस टाकणाऱ्या साधनाचं. 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा एरर येतो, म्हणजे सिस्टिमच्या पायथनला हात लावू नको, वेगळं वेनव्ह (त्या कामापुरतं स्वतंत्र पायथन) बनव. त्याने काय केलं, तर खाली लिहिलेला 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय लावला. अरे, नावातच लिहिलंय की!

आणि मला एररचा फोटो पाठवताना कृपा करून फक्त शेवटची ओळ पाठवू नका. शेवटच्या ओळीत नुसतं "जमलं नाही" असतं, का जमलं नाही ते वरच्या चारपाच ओळींत असतं, तेवढ्या येऊ द्या फोटोत.