नाव झाकून ऐक म्हणे

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, नाहीतर हा विषय मी चहाच्या टपरीवरच सोडून दिला होता. प्रश्न तोच, ग्राउंडवर तोच, ग्रुपवर तोच, परवा तर मेहुण्याने जेवता जेवता विचारला. बास्केटबॉलमध्ये जुना मायकेल जॉर्डन भारी की आताचा लेब्रॉन जेम्स, या वादात तू लेब्रॉनवाला, म्हणजे नव्याच्या बाजूचा, "आमच्या वेळी" म्हणणाऱ्यांची टर उडवणारा, मग एआयच्या गाण्यांचा विषय निघाला की तूच कसा काय आजोबा होतोस? एकाच डोक्यात दोन्ही मावतं कसं?

मावतं. म्हणजे नीट मावत नाही, पण आहे खरं.

आधी लेब्रॉनचं सांगून टाकतो कारण तिथे मी अजून तसूभर हललेलो नाही. अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये जॉर्डनच्या सहा फायनल, सहा विजय, सहा-शून्य, सहा-शून्य, कान किटले ऐकून. दहा फायनल खेळून चार जिंकलेला लेब्रॉन कमी का, तर सहा वेळा हरला म्हणून. म्हणजे फायनलला पोचून हरण्यापेक्षा पहिल्या राउंडला घरी गेलेलं बरं? जॉर्डन पहिली तिन्ही वर्षं पहिल्याच राउंडला बाहेर गेलेला आहे, १९८६ ला बॉस्टनमध्ये एकट्याने ६३ मारले तरी त्याची टीम शिकागो हरली, ते कुणाच्या हिशेबात येत नाही. आणि २०१६? फायनलला समोर सीझनभरात ७३ मॅच जिंकून आलेले वॉरियर्स, लेब्रॉनची टीम सात मॅचच्या मालिकेत ३-१ ने मागे, तिथून वर येऊन जिंकले, आणि शेवटच्या दोन मिनिटांत लेब्रॉनने मागून पळत येऊन वॉरियर्सच्या इग्वोडालाचा बॉल हवेतच अडवला ती ब्लॉक, आपल्याकडे सोमवारची सकाळ होती, मी दात न घासता टीव्हीसमोर उभा होतो. २०११ च्या फायनलला डॅलसविरुद्ध चौथ्या मॅचला त्याने आठच पॉइंट का मारले म्हणाल तर त्याला माझ्याकडे उत्तर नाही, कधीच नव्हतं, पुढे चला.

तर या वादात माझं एक ठरलेलं हत्यार होतं. नाव झाका आणि आकडे बघा. कागदावर दोन कॉलम करायचे, खेळाडू अ, खेळाडू ब. एकाचे ३२ हजारांवर पॉइंट, दुसऱ्याचे ४० हजारांवर, एक पंधरा सीझन खेळलेला, एक वीसच्या पुढे गेलेला, मग रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं), असिस्ट (बास्केटसाठी दिलेला पास), आणि विचारायचं, कोण भारी? हे अर्थातच बास्केटबॉलमधलं काही न कळणाऱ्यांना दाखवायचं, म्हणजे घरच्यांना, कारण ग्राउंडवरची पोरं आकडा बघून नाव सांगतात. घरचे बरोबर ब म्हणायचे आणि मी स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचो. मॅचच्या सरासरीत जॉर्डन पुढे आहे, तीस पॉइंट विरुद्ध सत्तावीस, तो कॉलम मी टाकत नसे. टाकायला पाहिजे असं कुठे लिहिलंय.

यावर आमच्या ग्रुपवर एकटे काका चिडायचे. काका आमच्यात सगळ्यात मोठे, जॉर्डनने जिंकलेली १९९८ च्या फायनलची युटाविरुद्धची शेवटची मॅच त्यांनी टीव्हीवर लाइव्ह बघितलेली, आणि ते तुम्हाला विसरू देत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की नाव झाकलं की समोरचा घाबरलेला दिसत नाही. जॉर्डनच्या हातात बॉल आला की समोरच्याचे पाय जड व्हायचे, ते तुझ्या कोणत्या कॉलममध्ये आहे दाखव. मी म्हणायचो, काका हे म्हणजे आठवणींचं लोणचं झालं, जितकं जुनं तितकं चविष्ट. हसायचे सगळे.

आता ती टूर्नामेंट. दर मे महिन्यात आम्ही ग्राउंडवर तीन-तीन जणांची टूर्नामेंट घेतो, आणि टीम आत येताना वाजायला एक गाणं लागतं. ते मी करायचो, कारण मी तेच करतो, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड, सुपाऱ्या, लग्नाचं संगीत, मधूनमधून एखादी जिंगल. गेल्या वेळी तर मी चांगलाच लागलो होतो त्या गाण्यामागे. पथकातला एक ताशा वाजवणारा पोरगा पकडून आणला, आमच्या बेडरूममध्ये भिंतीला गाद्या उभ्या केल्या कारण ताशा अशा खोलीत वाजला की डोकं फुटतं, बायको मुलीला घेऊन खाली गेली, आणि दुपारभर आम्ही एकच तुकडा घेत बसलो. तो पोरगा समेच्या एक केस अलीकडे यायचा. दर वेळी. मी आधी ओरडलो, मग लक्षात आलं की त्यामुळेच गाणं पुढे ढकलल्यासारखं वाटतंय, म्हणून तसंच ठेवलं. गायला ऑर्केस्ट्रातलाच एक मुलगा, अंतऱ्याआधी त्याने घेतलेला श्वास ऐकू येतो, तोही मी कापला नाही.

मॅचच्या आदल्या संध्याकाळी कोर्टवर चुन्याच्या रेषा मारून सगळे बसलेले, आणि आमचा सीए म्हणाला, मी पण एक गाणं आणलंय. सुनो या एआयने गाणी बनवणाऱ्या अ‍ॅपवर केलं होतं त्याने. मराठी, ढोलताशा, जोश, बास्केटबॉल, असं काहीतरी टाइप केलं, ते एका वेळी दोन गाणी देतं, त्यातलं बरं ते त्याने ठेवलं. मी हसलो. तर हा म्हणतो, नाव झाकून ऐकूया ना, नियम तुझाच आहे.

ब्लूटूथ स्पीकर. दोन्ही गाणी त्याने लावली, आधी कोणतं नंतर कोणतं ते फक्त त्याला माहीत. अर्थात मला दुसऱ्या सेकंदाला कळलं. त्या दुसऱ्या गाण्यात "घामाचा" मधला च हिंदी "चाचा"सारखा होता आणि "खेळ"चा सरळ "खेल" झाला होता. मी इकडे तिकडे बघितलं, कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही, माना हलतायत. बेस असा की स्पीकर बाकड्यावर सरकत होता. हात वर करा म्हणाला. माझ्या गाण्याला एक माझा मित्र, तोही माझ्या तोंडाकडे बघून. बाकी सगळे तिकडे. आणि माझा ताशावाला पोरगा, ज्याचे स्वतःचे हात पहिल्या गाण्यात वाजत होते, त्याने दुसऱ्याला हात वर केला. नंतर मला म्हणाला, "दादा आपलं ओळखलं होतं मी, पण बेस भारी आहे ना त्याचा."

त्याला काय बोलणार. खरंच भारी होता.

काकांनी हात वर केलाच नाही. म्हणाले, मी नाव झाकून काही ऐकत नाही, आधी सांगा कुणी केलंय. म्हणजे अख्ख्या ग्राउंडवर माझ्या बाजूने उभा राहिला तो हा माणूस, आणि कारण तेच ज्याची मी इतकी वर्षं खिल्ली उडवत आलो. त्यांचा तो आधार मी घेतला नाही. घ्यायचा तर १९९८ पण घ्यावं लागेल, समोरच्याचे जड पाय पण घ्यावे लागतील, मग माझे कॉलम कुठे ठेवू?

तुम्ही म्हणाल पोटावर पाय आला म्हणून ओरडतोस. हो, आलाय. जिंगलवाले दोघं गेले, एक सराफ आणि एक क्लासवाले, दोघंही प्रेमाने सांगून गेले. पण मग मला ग्रुपवर मीच २०२३ ला टाइप केलेलं आठवतं. त्या एप्रिलमध्ये ड्रेक आणि द वीकेंड या गायकांच्या एआयने केलेल्या नकली आवाजातलं गाणं सगळीकडे फिरलं आणि मग रेकॉर्ड कंपनीने काढायला लावलं, आणि आमच्या ग्रुपवर ते आलं कारण ड्रेक म्हणजे टोरांटोच्या रॅप्टर्स टीमच्या मॅचला कोर्टच्या कडेला बसून नाचणारा माणूस. तेव्हा मी लिहिलेलं, "घाबरायचं काय, ऑक्टोपॅड आला तेव्हाही लोक रडलेच होते." लिहिलंय. आहे अजून. सीएने शोधून परत वर आणलं. आणि पुढच्याच वर्षी त्याच ड्रेकने भांडण चालू असलेल्या केंड्रिक या रॅपरला डिवचायला मेलेल्या टुपाक या रॅपरचा आवाज एआयने काढला, टुपाकच्या वारसांची नोटीस आली तेव्हा गाणं काढलं. तेव्हा मी गप्प होतो. २०२४ लाच अरिजित सिंग आवाजाच्या नकलेविरुद्ध मुंबई हायकोर्टात गेला आणि कोर्टाने त्याच्या बाजूने आदेश दिला, ते मी टाळ्यांचे इमोजी टाकून शेअर केलं. पण अरिजितचा आवाज ओळखू येतो म्हणून त्याला कोर्ट आहे, माझ्या कीबोर्डचा आवाज कोण ओळखणार आणि कशावर दावा लावणार मी.

आणि ऑक्टोपॅडवालं वाक्य अगदीच फालतू नव्हतं. माझ्या कीबोर्डमध्ये ताल भरलेले आले तेव्हा आमच्या ढोलकीवाल्याच्या संध्याकाळच्या सुपाऱ्या कमी झाल्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि तेव्हा मी काही गाद्या उभ्या करून त्याला रेकॉर्ड करायला बोलावलं नव्हतं. सिनेमाच्या गाण्यात वर्षानुवर्षं व्हायोलिन कुणी वाजवलं हे रेकॉर्डवर कुठे लिहिलेलं असायचं? आमची नावं झाकायची सवय लोकांना आम्हीच लावली, एआय तर नंतर आलं.

डीझर या गाणी ऐकायच्या अ‍ॅपने इप्सॉस या पाहणी करणाऱ्या कंपनीकडून २०२५ ला आठ देशांतल्या नऊ हजार लोकांना गाणी ऐकवली, ९७ टक्क्यांना एआयचं कोणतं ते ओळखता आलं नाही. सीएने हे मोठ्या अक्षरात पाठवलं. त्याच पाहणीत दहातले आठ जण म्हणाले की पूर्ण एआयचं गाणं असेल तर तसं स्पष्ट लिहा, ते मी पाठवलं. कळत नाही पण सांगा. मला हे पटतं आणि का पटतं ते नीट मांडता येत नाही. जुना एनबीए खेळाडू विल्ट चेंबरलेनचे एकाच मॅचमधले शंभर पॉइंट घ्या, २ मार्च १९६२, हर्शी, पेनसिल्व्हेनिया. त्या मॅचचं व्हिडिओ नाही. शेवटच्या क्वार्टरचं रेडिओचं टेप आहे आणि कागदावर १०० लिहून हातात धरलेला फोटो आहे. शेवटी तर खेळाचा तमाशाच झाला होता, विल्टकडे बॉल लवकर यावा म्हणून त्याचेच साथीदार समोरच्यांना मुद्दाम फाउल करत होते. उद्या कुणी त्या मॅचचं झकास एआय व्हिडिओ बनवलं, घाम, गर्दी, सगळं, तर आपण विल्टचे शंभर बघितले असं म्हणू का? नाही ना. पण गाणं म्हणजे काही स्कोअर नाही, असं सीए म्हणतो, गाण्यात झालं की नाही झालं असं काही नसतं, आवडलं की नाही आवडलं इतकंच. इथे मी अडकतो. रिक्षात लागलेलं गाणं कुणाचं हे न विचारता मी पण मान हलवलीये की.

तरी लेब्रॉनवरचं माझं मत बदललेलं नाही, तेवढं लक्षात ठेवा. ४० हजार हा आकडा मला भारी वाटतो तो त्यामागे एक माणूस वीस सीझन झाल्यावरही पळतोय म्हणून, आणि काका म्हणतात की बघ, आता तू माझंच बोलतोयस. नाही बोलत. थोडं बोलत असेन.

यंदा पुन्हा मे आला. सीए म्हणतो भांडण नको, दोन्ही गाणी वाजवू, एक ओपनिंगला, एक फायनलला. मी फायनल मागितलीये. आणि स्पीकर या वेळी माझा.