आमची वाटचाल: साडेबारा किलो मातीचे सोळा गणपती

सुरुवातीला आमच्या कार्यशाळांच्या पत्रकावर रांगोळी, मेंदी, वारली, लेझीम, सगळं दीड तासात होतं. इंग्लंडमधल्या शाळांना आणि ग्रंथालयांना ते आवडायचंही. एकाच बिलात अख्खा भारत. पण मुलं एका टेबलावरून उठून दुसऱ्यावर बसेपर्यंत दहा मिनिटं जातात आणि घरी नेण्याजोगं काहीच पुरं होत नाही. ते पत्रक बंद केलं. आता एका सत्रात एकच वस्तू, नव्वद मिनिटं, आठ मुलांमागे एक शिकवणारा. आधी कामं कमी झाली, मग तीच गिऱ्हाइकं दरवर्षी बोलावू लागली.

सगळ्यात जास्त मागणी गणपतीला. शाडू मागवायच्या भानगडीत आम्ही पडत नाही. इथे कुंभारकामाचं सामान विकणाऱ्यांकडे मातीची साडेबारा किलोची पिशवी मिळते. पाऊण किलोचा एक असे सोळा गोळे होतात आणि डागडुजीला अर्धा किलो उरतो. हस्तकलेच्या दुकानातली ‘एअर ड्राय क्ले’ मात्र घेऊ नये. तिच्यात बऱ्याचदा कागदाचे तंतू किंवा चिकटवणारं द्रव्य असतं, त्यामुळे ती पाण्यात नीट विरत नाही.

मूर्ती पंधरा सेंटीमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही. आधी पाट, मग पोट, मांडी, हात, डोकं, सोंड, कान आणि शेवटी मुकुट. प्रत्येक जोडावर काट्याने उभ्याआडव्या रेघा मारायच्या आणि त्याच मातीची श्रीखंडाइतकी दाट खळ लावायची. नुसतं पाण्याचं बोट फिरवून चिकटवलेला कान चौथ्या दिवशी हमखास गळतो. सोंड पोटावर टेकलेलीच हवी. अधांतरी ठेवली की टोक आधी वाळतं, आकसतं आणि मोडतं. पाटाखालून पेन्सिल खुपसून पोटापर्यंत भोक पाडलं की आतला गाभाही वाळतो. पहिले दोन दिवस वर सैल प्लॅस्टिक, मग आठवडाभर उघड्यावर. रेडिएटरजवळ ठेवलेल्या मूर्तीला तडे जाणारच, हे पालकांना तोंडी सांगून भागत नाही. पाटाखाली चिठ्ठी लावून द्यावी लागते.

रंग अ‍ॅक्रिलिकचा नको, त्याचा पापुद्रा सुटून पाण्यावर येतो. गेरू, हळद, कुंकू पुरतं. विसर्जन बादलीत. इथे एक गंमत आहे: कडकडीत वाळलेली माती पाण्यात भराभर विरते, ओलसर राहिलेली मात्र तशीच बसून राहते. म्हणजे वाळवण्यातली घाई विसर्जनाला नडते. बादली सिंकमध्ये ओतायची नाही. माती पाइपात बसते आणि हॉलवाले अनामत परत करत नाहीत.

तारखांचं गणित दरवर्षी नव्याने मांडावं लागतं. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, म्हणजे भर सुट्टीत, निम्मी कुटुंबं भारतात. २०२६ ची १४ सप्टेंबरला आहे, शाळा सुरू झालेल्या. वाळायला लागणारा वेळ धरून कार्यशाळा किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. हॉल त्याच्याही कितीतरी आधी.

दिवाळीत रांगोळी. आपली शिरगोळ्याची भुकटी लाकडी फरशीच्या फटीत जाते आणि पॉलिश केलेल्या फरशीवर पाय घसरतात, म्हणून प्रत्येकाला साठ सेंटीमीटरचा काळा रंगवलेला हार्डबोर्ड. ठिपक्यांचा कागद उदबत्तीने भोकं पाडून घरीच करायचा. हॉलमध्ये उदबत्ती पेटवली तर धुराचा भोंगा वाजतो. त्याच कारणाने पणत्या बॅटरीच्या. (तेलवातीशिवाय पणती आम्हालाही पटत नाही. बाहेर वारा नसेल तेव्हा एखादी लावतो.) अगदी लहानांना डाळी-तांदूळ देण्याची टूम आम्ही मोडून काढली: दाणे तोंडात-नाकात जातात, आणि अन्न पायदळी तुडवलेलं आजीमंडळींना खपत नाही, ते बरोबरच आहे.

फराळात अडकायला होतं ते अ‍ॅलर्जीच्या नियमात. ब्रिटनमध्ये १४ घटकांची माहिती द्यावी लागते. त्यात दूध, गहू, तीळ, शेंगदाणे, काजू-बदाम येतात. नारळ येत नाही. म्हणजे उकडीच्या मोदकाला साजूक तुपामुळे ‘दूध’ लिहायचं. १ ऑक्टोबर २०२१ पासून विकायच्या जागीच आधी बांधून ठेवलेल्या पाकिटावर पूर्ण घटकयादीही लागते. चकलीच्या पाकिटावर ‘घरगुती’ एवढंच लिहून चालत नाही.

आता आमच्या आवडीचं. विसर्जनाची माती ज्यांना घरी न्यायची ते नेतात, उरलेली आम्ही जुन्या चादरीत बांधून निथळत ठेवतो. निर्माल्य आधीच वेगळं काढलेलं असावं, नाहीतर ती कुजून वास मारते. दिवाळीला हीच माती पत्र्याच्या ट्रेमध्ये किल्ल्याला. बुरूज, तटबंदी, माचीपर्यंत वाट. वर मोहरी पेरली तर ती उतारावरून ओघळून खंदकात जमते. त्याऐवजी अळीव. इथे त्याचं बी ‘क्रेस’ म्हणून बागकामाच्या दुकानात मिळतं. भिजलं की बुळबुळीत होऊन जागच्या जागी चिकटतं. एका ट्रेला दोन चमचे, सकाळ-संध्याकाळ फवारा, घरातल्या उबेत पाचव्या दिवशी हिरवंगार. म्हणून किल्ल्याचं सत्र वसुबारसेच्या पाच दिवस आधी ठेवतो, आणि मावळे वसुबारसेला नेऊन बसवायचे.