मडी वॉटर्सच्या बँडची गाणी बसवताना: माझा अनुभव

शिकागो ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या शिकागो शहरातलं विद्युत वाद्यांवरचं ब्लूज संगीत, वाजवायला बसलेले बहुतेक बँड गाण्यापासून सुरुवात करतात. गिटारवाला सुरुवातीचा तुकडा उचलतो, गाणारा शब्द पाठ करतो, बाकीचे मागे येतात. गाणं ओळखू येतं, पण मडी वॉटर्स या ब्लूज गायक-गिटारवाल्याच्या बँडसारखं वाजत नाही. आम्ही पाच जणांनी ही गाणी बसवायला घेतली तेव्हा मी सुरुवात माणसांपासून केली: त्या बँडमध्ये कुठल्या जागेवर कोण बसायचं, तो कधी आला, कधी गेला आणि त्याच्या जागी आलेल्याने काय तसंच ठेवलं. तीसेक वर्षं माणसं बदलत राहिली आणि बँडचा आवाज मात्र टिकला. म्हणजे तो आवाज जागांच्या कामात आहे, आणि काम शिकता येतं.

रेकॉर्ड लावण्याआधी एक समजून घ्यावं लागतं. चेस या शिकागोच्या रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डवर वाजवणारे आणि रोज रात्री क्लबात वाजवणारे लोक नेहमी एकच नसत. मडी १९४३ मध्ये मिसिसिपीहून शिकागोला आला. १९४८ ची त्याची गाजलेली रेकॉर्ड नुसती त्याच्या गिटारवर आणि बिग क्रॉफर्डच्या उभ्या बासवर आहे, कारण कंपनीचा मालक लेनर्ड चेस याला तेव्हा पूर्ण बँड स्टुडिओत नको होता. क्लबात मात्र दुसऱ्या गिटारवर जिमी रॉजर्स आणि माउथ ऑर्गनवर लिटल वॉल्टर सोबत असायचे. पुढे विली डिक्सनचा बास आणि फ्रेड बिलोचे ड्रम रेकॉर्डवर ऐकू येतात, पण रोजच्या बँडचे ते गडी नव्हते. वॉल्टर १९५२ मध्ये बँड सोडून गेला, तरी त्यानंतरही कित्येक वर्षं मडीच्या रेकॉर्डवर माउथ ऑर्गन त्याचाच आहे. त्यामुळे प्रत्यक्ष कामावरचा बँड कसा वाजायचा हे ऐकायचं असेल, तर अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातलं ३ जुलै १९६० चं ध्वनिमुद्रण घ्यावं. पियानोवर ओटिस स्पॅन, माउथ ऑर्गनवर जेम्स कॉटन, गिटारवर पॅट हेअर, बासवर अँड्र्यू स्टीव्हन्स, ड्रमवर फ्रान्सिस क्ले. जुन्या स्टुडिओ रेकॉर्ड सूक्ष्म कामासाठी, न्यूपोर्ट तोल समजण्यासाठी, अशी मी विभागणी केली.

ऐकताना एका वेळी एकाच वाद्याकडे कान द्यायचा. वेग ७५ टक्क्यांवर आणून पट्टी तीच ठेवणारं कुठलंही ॲप चालतं. मात्र जुन्या रेकॉर्ड आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण पट्टीत नेमक्या बसतीलच असं नाही, टेपच्या वेगाने सूर थोडा वर-खाली सरकतो. आधी रेकॉर्डचा सूर ॲपमध्ये आपल्या वाद्याला जुळवून घ्यावा, मगच स्वर काढायला बसावं. नाहीतर माउथ ऑर्गन कुठल्या पट्टीचा आहे हेच चुकतं आणि पुढचं सगळं काम वाया जातं.

माउथ ऑर्गनच्या जागेवर मी सर्वात जास्त वेळ दिला, कारण या बँडची ओळख तिथे आहे. लिटल वॉल्टर, त्याच्यानंतर ज्युनियर वेल्स, मग बिग वॉल्टर हॉर्टन, १९५४ च्या अखेरीपासून १९६६ पर्यंत जेम्स कॉटन, पुढे पॉल ऑशर, कॅरी बेल, जेरी पोर्टनॉय. लिटल वॉल्टर बँड सोडून गेला तो प्रसंग कामाचा आहे. १२ मे १९५२ ला मडीच्याच बँडने वॉल्टरच्या नावावर ‘जूक’ हा नुसता वाद्यांचा तुकडा रेकॉर्ड केला. तो रिदम अँड ब्लूजच्या यादीत आठ आठवडे पहिला राहिला. वॉल्टर बँड सोडून गेला आणि त्याने एसेस हा बँड ताब्यात घेतला. एसेसमधला ज्युनियर वेल्स मडीकडे आला. थोडक्यात, दोन बँडनी आपापला माउथ ऑर्गनवाला बदलून घेतला. वेल्सला वॉल्टरची नक्कल करायची नव्हती, पण गाण्याच्या ओळीला उत्तर देण्याचं काम त्याने जसंच्या तसं उचललं.

वाद्य दहा छिद्रांचं साधं डायटॉनिक, म्हणजे एकाच पट्टीचे स्वर देणारं. गाणं ज्या पट्टीत आहे त्या पट्टीचा माउथ ऑर्गन घ्यायचा नाही, त्याच्या चौथ्या स्वराचा घ्यायचा. गाणं ई मध्ये असेल तर ए चा, ए मध्ये असेल तर डी चा, जी मध्ये असेल तर सी चा. यामुळे ओढून वाजवलेलं दुसरं छिद्र षड्ज होतं आणि श्वास आत ओढत दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या छिद्रातले स्वर खाली वाकवता येतात. ब्लूजची सगळी मींड तिथून निघते. ‘जूक’ ई मध्ये आहे, म्हणजे ए चा माउथ ऑर्गन. ए, डी आणि सी हे तीन आधी घ्यावेत. जोर लावून वाकवणाऱ्याचं चौथं आणि पाचवं छिद्र ओढण्याच्या बाजूने आधी बेसूर होतं, म्हणून कार्यक्रमाला ए आणि डी चा एकेक जास्तीचा असलेला बरा. लाकडी कणा असलेला माउथ ऑर्गन मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात फुगतो आणि लाकडाची टोकं ओठाला लागतात. जून ते सप्टेंबर प्लास्टिकच्या कण्याचाच वापरावा.

वॉल्टरचा तो जाड, सॅक्सोफोनच्या जवळ जाणारा आवाज माइक आणि माउथ ऑर्गन दोन्ही हातांच्या ओंजळीत घट्ट बंद करून येतो. ओंजळ सैल पडली की आवाज पातळ झालाच. बुलेट आकाराचा हाय इम्पिडन्स माइक थेट व्हॉल्व्हच्या छोट्या गिटार ॲम्पमध्ये लावायचा. तो नसेल आणि गाण्याचा साधा माइक वापरायचा असेल, तर मध्ये इम्पिडन्स जुळवणारा ट्रान्सफॉर्मर हवा. तो नसला की आवाज दबका येतो आणि मग लोक व्हॉल्यूम वाढवत सुटतात. पंधरा वॉटचा ॲम्प पुरतो. ट्रेबल निम्म्याच्या खाली, बास थोडा वर, आणि ॲम्पसमोर एक माइक ठेवून आवाज मुख्य स्पीकरला द्यायचा. ॲम्पमधून शिट्टीसारखा आवाज येण्याचं मुख्य कारण म्हणजे ॲम्पचं तोंड हातातल्या माइककडे असणं. ॲम्प बाजूला, किंचित मागे आणि तिरका ठेवला की निम्मा त्रास संपतो. उरलेला त्रास ओंजळ उघडताना होतो, म्हणून माइकवरच व्हॉल्यूमचं बटण असलेला बरा.

दुसऱ्या गिटारची जागा लोक सर्वात हलकी धरतात, आणि आमच्या अनुभवात बँड तिथेच फसतो. जिमी रॉजर्स हा स्वतः गायक, स्वतःच्या नावावर गाजलेली गाणी असलेला माणूस. १९५६ चं ‘वॉकिंग बाय मायसेल्फ’ त्याचं, त्यावर माउथ ऑर्गन बिग वॉल्टरचा. मडीच्या बाजूला बसला की मात्र तो खालच्या तारांवर चालत राहायचा. ‘जूक’मध्ये बासवाला नाहीच: दोन गिटार, माउथ ऑर्गन आणि एल्गा एडमंड्सचे ड्रम, बस. बासचं काम गिटारच करते. म्हणून तुमच्या बँडमध्ये बास गिटार असेल, तर रॉजर्सचे ते तुकडे जसेच्या तसे घेऊन चालत नाही. दोघंही पाचव्या-सहाव्या तारेच्या पट्ट्यात वाजवू लागले की खालचा भाग गढूळ होतो आणि गाण्याचे शब्द कळेनासे होतात. आम्ही दुसरी गिटार चौथ्या, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर आणली, तळहाताने दाबून, दोन-तीन स्वरांचे छोटे कॉर्ड. खालचा मजला बासला मोकळा. लगेच फरक पडला.

मडीची स्वतःची गिटार म्हणजे अंगठ्यात पिक आणि करंगळीत छोटी स्लाइड, म्हणजे तारेवरून सरकवायची नळी. सुरुवातीच्या गाण्यांत ओपन जी जुळणी आहे, म्हणजे तारा न दाबता जी कॉर्ड वाजेल अशी: सहावी, पाचवी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर खाली. पुढे तो साध्या जुळणीत कापो (गिटारच्या मानेवर तारा दाबून धरणारी पकड) लावून वाजवू लागला. स्टेजवर मध्येच जुळणी बदलणं टाळायचं असेल तर दुसरी पद्धत सोयीची. पहिली तार ०.०१२ इंचाची आणि तारांची उंची नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेवावी, नाहीतर स्लाइड फ्रेटवर आपटते. स्लाइड फ्रेटच्या बरोबर डोक्यावर थांबली पाहिजे, दोन फ्रेटच्या मधे थांबली की सूर उतरलेला लागतो. मागची बोटं तारेवर हलकी टेकलेली हवीत, त्यानेच मागचा कर्कश आवाज मरतो. आणि स्लाइड सगळीकडे वाजवायची नाही. ओळ संपली की वरच्या तारेवर एक तुकडा, आणि गप्प.

पियानोवरचा स्पॅन १९५३ च्या सुमारास आला आणि साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत राहिला. त्याच्यानंतर १९६९ मध्ये पाइनटॉप पर्किन्स आला. दोघांचे डावे हात जबरदस्त, पण बँडमध्ये वाजवताना स्पॅन काय सोडून देतो ते ऐकावं. १९६० चे त्याचे एकट्याचे ध्वनिमुद्रण, ज्यात सोबत फक्त रॉबर्ट लॉकवुडची गिटार आहे, आणि त्याच वर्षीचं न्यूपोर्ट शेजारी-शेजारी लावले की हे स्वच्छ कळतं. कीबोर्डवाल्याला आम्ही तीन गोष्टी सांगितल्या: आवाज फक्त पियानोचा, मागे व्हायोलिनचा थर नको, सस्टेन पेडलवरचा पाय काढ, डावा हात जवळपास बंद ठेवून उजवा हात मधल्या सी च्या वरच्या सप्तकात चालव. कीबोर्डवाले गाण्याच्या ओळीवरच वाजवतात, तिथे ताबडतोब अडवावं. ओळ दोन बारची (बार म्हणजे चार मात्रा), उत्तर दोन बारचं. उत्तर कोण देणार हे आम्ही ठरवून टाकलं: पहिल्या ओळीला माउथ ऑर्गन, दुसरीला पियानो, तिसरीला स्लाइड. मूळ बँड इतका शिस्तीत वाजवायचा नाही, सगळे एकमेकांत गुंतलेले असायचे. पण ते रोज रात्री एकत्र वाजवून आलेलं गुंतणं होतं. तालमीला आधी वाटणी हवी.

ड्रमरसाठी शफल म्हणजे एका मात्रेचे तीन भाग आणि मधला मुका. स्नेअर दोन आणि चारवर, किक हलका. संथ गाण्याला ६० ते ६५, शफलला ११० ते १२० असा वेग धरून मेट्रोनोमवर सराव करावा. वेग नेहमी माउथ ऑर्गनच्या सोलोमध्ये चढतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून शेवटच्या आवर्तनाचा वेग मोजला की पुराव्यासकट दाखवता येतं.

खरी अडचण आवर्तनाची. कागदावर बारा बार: चार पहिल्या कॉर्डचे (पट्टीच्या पहिल्या स्वरावरचा कॉर्ड, तसेच पुढचे), दोन चौथ्याचे, दोन पहिल्याचे, मग पाचवा, चौथा आणि शेवटचे दोन. मडी मात्र ठेक्याच्या किंचित मागे गातो, आणि त्याला वाटलं तर शब्द लांबवतो. एकटा किंवा दोघांत वाजवलेल्या जुन्या रेकॉर्डवर तर बार सरळ कमी-जास्त होतात. मोजून वाजवणारा ड्रमर तिथे हमखास एकटा पडतो. आम्ही नियम केला की कॉर्ड गाणाऱ्याच्या शब्दावर बदलायचा. सम गाणारा देणार. भजनात साथ करणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. गाणाऱ्याच्या हातात गिटार असेल तर तिची मान खाली आली की बदल, ही खूण पुरते.

‘हूची कूची मॅन’ (७ जानेवारी १९५४, रचना विली डिक्सनची) बारा बारचं नाही, सोळाचं आहे. पहिले चार बार दुप्पट करून आठ केलेत, आणि त्या आठात सगळा बँड एकच तुकडा मारून थांबतो. ती शांतता पोकळ वाटते म्हणून कोणीतरी झांज टिचकवतो किंवा बासवाला एखादा स्वर घालतो, आणि गाणं तिथेच पडतं. पूर्ण मुकं राहायचं. नवव्या बारला चौथ्या कॉर्डवर सगळ्यांनी एकदम शिरायचं. नुसता आठवा ते दहावा बार एवढाच भाग वेगळा काढून घोटावा.

कामावरच्या बँडमध्ये कोणीतरी गैरहजर असणारच, तेव्हा जागांचा हा अभ्यास उपयोगी पडतो. बासवाला नसेल तर दुसऱ्या गिटारने खाली उतरायचं, ‘जूक’ची बासशिवायची रचना समोर आहेच. पियानो नसेल तर दुसऱ्या ओळीचं उत्तर माउथ ऑर्गनला द्यायचं आणि दुसऱ्या गिटारला वर जाऊ द्यायचं नाही. ड्रमर नसेल तर शफलची गाणी गाळून १९४८ च्या दोघांच्या पद्धतीने चार संथ गाणी घ्यायची. विद्युत वाद्यंच चालणार नसतील अशा छोट्या जागी १९६३ च्या सप्टेंबरमध्ये मुद्रित झालेला मडीचा साध्या गिटारांचा अल्बम ऐकून जावं. त्यावर दुसरी गिटार तरुण बडी गायची आहे, तोच बडी गाय जो २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला येऊन वाजवून गेला. माउथ ऑर्गनवाला नसेल तर मात्र मडीची गाणी त्या दिवशी बाजूला ठेवून दुसरी यादी काढावी.