तोडीचं रान: आमची वाटचाल

रत्नागिरी जिल्ह्यात जंगल म्हणून जे दिसतं, त्यातलं बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर असतं. सरकारी राखीव वन इथे अगदी थोडं. संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला, आमच्या घराण्याचं असंच एक रान आहे. ऐन, किंजळ, धामण, नाणा, कुंभा अशी झाडं आणि मधूनमधून करवंदीच्या जाळ्या. मालक म्हणजे आम्ही भाऊबंद, त्यातले बरेचसे मुंबईला. अशा रानाची इकडची रीत ठरलेली आहे. दहा-पंधरा वर्षं तिकडे कुणी फिरकत नाही. मग घरात लग्न निघालं किंवा छपराचं काम निघालं की सगळं रान ठेकेदाराला उक्तं द्यायचं. तो एका मोसमात डोंगर मोकळा करतो, लाकूड ट्रक भरभरून घाटावर बॉयलरना आणि भट्ट्यांना जातं, आणि वाटणीची रक्कम एकदाच काय ती हातात पडते.

आमच्या रानालाही अशी मागणी आली होती. ऐन आणि किंजळ बुडख्यातून पुन्हा फुटतात, म्हणून एवढ्या तोडी होऊनही कोकणात रान शिल्लक आहे. मग ते एकदम कशाला तोडायचं, असा माझा प्रश्न होता. रानाचे बारा पट्टे पाडायचे, दर हिवाळ्यात एकच तोडायचा, म्हणजे बारावा पट्टा संपेपर्यंत पहिला पुन्हा तोडीला येतो. थोरल्या काकांनी मुंबईहून फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दरवर्षी हिशेब दाखवशील ना?" तो आजतागायत दाखवतो. आमचा व्यवसाय सुरू झाला तो असा.

पहिलं काम कागदांचं. सातबाऱ्यावर १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याची, म्हणजे रान सरकारजमा झाल्याची, नोंद आहे का, हे आधी पाहावं लागतं. ती असेल तर पुढचं सगळंच बदलतं. आमच्याकडे ती नव्हती. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, खैर ही झाडं १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्याच्या यादीत येतात, म्हणजे मालकीच्या जमिनीतही परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. पट्ट्याची पाहणी, झाडांची मोजणी, तोडीची परवानगी आणि मग लाकूड बाहेर काढताना वाहतुकीचा पास. पावसाळा संपता संपता अर्ज दिला तरच थंडीत हाती काही लागतं. नव्यानं या कामात येणाऱ्यांना मी हेच आधी सांगतो, कारण परवानगी फाल्गुनात मिळाली तर तो मोसम गेला असं समजायचं.

याचं कारण झाडातच आहे. पानं गळाली की झाडाचा अन्नसाठा मुळांत असतो. थंडीत तोडलं की तो सगळा साठा बुडख्याखाली तसाच राहतो आणि उन्हं तापू लागली की त्याच्या जोरावर कोंब बाहेर येतात. उशीर करून, नवी पालवी फुटल्यावर तोडलं, तर साठा पालवीत खर्ची पडलेला असतो आणि ती पालवी आपण जमिनीवर पाडतो. म्हणून आमची कुऱ्हाड साधारण मार्गशीर्षात लागते आणि शिमग्याच्या आत थांबते. पांगारा आणि काटेसावर फुलली की गडी आपणहून म्हणतात, आता आवरतं घ्या.

तोड कशी करायची यावर माझा फार जीव आहे. बुडखा वीतभरापेक्षा उंच ठेवायचा नाही. काप तिरका हवा, म्हणजे पावसाचं पाणी त्यावर साचून लाकूड कुजत नाही. आणि साल सोलवटता कामा नये, कारण फुटवा येतो तो सालीलगतच. अर्धवट कापून झाड ओढून पाडलं की साल खालपर्यंत फाटत जाते आणि तो बुडखा कमजोर होतो. आमचे गडी आता कटर मशीन चालवतात, तरी शेवटचा हात कुऱ्हाडीनेच फिरवतात. उंच राहिलेल्या बुडख्याला वरच्या टोकाशी कोंब येतात, ते वाऱ्यात मोडतात. जमिनीलगत आलेला फुटवा मात्र पुढे स्वतःची मुळं धरतो.

सगळंच तोडत नाही. जुने आंबे, बेहडे, उंबर, वड आणि ढोली असलेलं कुठलंही झाड आम्ही राखतो. ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून फटीतून फळं भरवतो. त्यांचा हा काळ आमच्या तोडीच्या अखेरीलाच सुरू होतो. म्हणून अशा झाडाभोवतीचा घेरही सोडतो, नराला बसायला फांदी आणि जवळपास उंबर राहावा म्हणून. लाकडाच्या हिशेबात हे नुकसान धरावं लागतं. आम्ही ते आनंदाने धरतो.

माघ उतरला की खरी धास्ती वणव्याची. तोडलेल्या पट्ट्यात फांद्या आणि पाला वाळलेला असतो, भोवती गवत पिवळं पडलेलं. एक विडी पुरते. त्याआधीच पट्ट्याभोवती जाळरेषा काढून ठेवतो, गवत कापून जमीन साफ करतो, आणि फांद्या बुडख्यांपासून दूर ओढतो. काटेरी फांद्या आणि करवंदीच्या जाळ्या यांची वई, म्हणजे कुंपण, घालतो, कारण भात निघालं की गावातली गुरं मोकाट फिरतात आणि कोवळा कोंब त्यांना फार आवडतो. अलीकडे चांदोलीच्या बाजूने गवेही खाली उतरतात. त्यांना वई थांबवत नाही. म्हणून काही बुडख्यांवर काटे थेट रचून ठेवतो, कोंब त्यांतून वर येतो.

चैत्रात बुडख्यांच्या कडेने कोंब दिसू लागतात, एकेका बुडख्याला पुष्कळ. पहिला पावसाळा त्यांना हात लावत नाही. दुसऱ्या वर्षी दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे काढतो, त्या काढलेल्या काठ्या वालाच्या आणि पडवळाच्या मांडवाला जातात. उघड्या झालेल्या जमिनीवर पहिल्या पावसात टाकळा, भारंगी येते आणि गावातल्या बायका भाजीसाठी तिकडे वळतात. पण त्याच उजेडात रानमोडी हे तणही घुसतं. ते एकदा माजलं की कोंब गुदमरतात. जमीन ओली आहे तोवर, फुलायच्या आत, मुळासकट उपटणं हाच उपाय. आमचा मजुरीवरचा मोठा खर्च तोडीचा नसून या उपटणीचा आहे.

विक्रीचं बोलायचं तर सुरुवातीला फक्त जळाऊ लाकूड होतं, बेकऱ्या आणि चुलीवरचं जेवण देणारी हॉटेलं. त्यात भाव ठरवतो तो घेणारा. वळण आलं ते धामणीमुळे. धामणीचं लाकूड लवचिक, घाव झेलणारं. कुदळ, फावडं, कुऱ्हाड, सगळ्यांना दांडा उत्तम. फुटव्यातून सरळ वाढलेली धामण तर जणू दांड्यासाठीच वाढते. आम्ही ती वेगळी काढून सावलीत आडवी रचून वाळवायला लागलो, आणि वर्षभराने साखरप्याच्या बाजाराला दांडे नेले. बाजारात येणाऱ्या शेतकऱ्यांनी एकेक दांडा हातात घेऊन, गुडघ्यावर वाकवून पाहिला. आज निम्म्याहून जास्त उत्पन्न दांड्यांचं आहे. किंजळीचे सरळ वासे जुन्या पद्धतीची घरं दुरुस्त करणारे नेतात. जळाऊ लाकूड आता उरलेल्या मालाचं.

गेली काही वर्षं शेजारच्या वाड्यांतली राखलेली रानंही आम्ही सांभाळायला घेतो. मालक मुंबईला किंवा पुण्याला. पट्टे आम्ही पाडतो, कागद आम्ही करतो, हिशेब दर मे महिन्यात ते गावी आले की समोर बसून देतो. उक्त्या तोडीची रक्कम एकदम मोठी दिसते, हे मी कुणापासून लपवत नाही. ज्याला ऑपरेशनसाठी आज पैसे हवेत त्याला बारा वर्षांची गोष्ट सांगून काय उपयोग? अशा वेळी निदान ढोलीची झाडं, ओढ्याकाठची झाडं सोडा आणि बुडखे नीट कापून घ्या, एवढं ठेकेदाराकडून लिहून घ्यायला आम्ही मदत करतो. त्याचे पैसे घेत नाही.

यंदाचा पट्टा ओढ्याच्या वरच्या अंगाचा आहे. तोड संपली, वई घालून झाली, जाळरेषेवर दुपारच्या उन्हात पाळीने माणूस असतो. गेल्या वर्षीची धामण वाळून तयार आहे. दांडे अक्षय्य तृतीयेपासून मिळतील. मिरगाच्या आधी पेरणीसाठी लागणार असतील तर मे महिन्याच्या मध्यापर्यंत लांबी आणि जाडी कळवा, नंतर रास उरत नाही.