दिवाडी-चोडण सायकलनं: भाजीचा टेंपो, फेरी आणि भरतीचं गणित

सायकलनं गोवा म्हटलं की आमच्या बेळगावात सगळ्यांना आधी चोर्ला घाट आठवतो. ग्रुपमधली पोरं पहाटे निघतात, जांबोटी, कणकुंबी करत केरीला उतरतात, संध्याकाळी किलोमीटरचा स्क्रीनशॉट टाकतात आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याला मूव्ह लावून बसतात. मला तसलं काही नको होतं. मी पन्नाशीला आलेली, नणंद माझ्याहून थोडी लहान, आमची मजल म्हणजे सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतनं दोन चकरा. सपाट रस्ता पाहिजे, शेजारी पाणी पाहिजे आणि वाटेल तिथं उतरून गप्पा मारता आल्या पाहिजेत, एवढीच अट. म्हणून दिवाडी ठरलं आणि त्याला लागून शेजारचं बेट चोडण.

दिवाडी हे मांडवीच्या खाडीतलं बेट, समोर जुने गोवे आणि रायबंदर. पूल नाही, फेरीबोटीनंच जायचं. नदीतलं बेट असलं तरी समुद्राची भरती-ओहोटी तिथं रोज येते, मांडवीत तर ती आत जवळजवळ पन्नास किलोमीटरपर्यंत जाणवते म्हणे, म्हणजे बेटाभोवतीचं पाणी दिवसातनं दोनदा चढणार आणि दोनदा उतरणार. हे आम्हा घाटावरच्या लोकांना अंगवळणी पडायला जरा वेळ लागतो, आमच्याकडं पाणी एकदा खाली गेलं की गेलं.

आधी सायकली तिथवर न्यायच्या कशा हा घोळ. रेल्वेनं ब्रेकव्हॅनमधनं पाठवता येतात पण लोंढा, कुळेमार्गे मडगाव म्हणजे दक्षिणेला वळसा, आणि आम्हाला उतरायचं होतं दिवाडीच्या उत्तरेकडच्या डिचोलीला. मग आठवलं की गोव्याची अर्धी भाजी बेळगावातनंच जाते. गल्लीतल्या एकाचा टेंपो रोज रात्री माल घेऊन निघतो, त्याला विचारलं, तो म्हणाला अक्का क्रेटवर बांधतो की, काय अवघड आहे. त्यानं पैसे घ्यायला का कू केली, मीच डिझेलचे म्हणून दिले. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी सांगते, पेडल काढून ठेवा म्हणजे सायकल चपटी बसते, आणि डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतं, नाहीतर लोक जोर लावून लावून पाना मोडतात. गिअरची बाजू वर, मधे गोणपाट, आणि दोरी फ्रेमला बांधायची, चाकाला नाही.

दिवस निवडला तो मात्र कालनिर्णय बघून. कोकणात जुनी माणसं एक सोपा हिशोब करतात, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. म्हणजे पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, दुपारी पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती आणि तशीच पहाटेही, मग ओहोटी साधारण सकाळी दहाच्या आसपास. रोज ही वेळ पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. हा अंदाज आहे हं, जागेजागेला फरक पडतो, खाडीत आत तर भरती उशिरा पोचते, म्हणून निघायच्या आधी मोबाईलवर भरतीचं कोष्टक बघितलंच. पण कागदावर गणित मांडायला मजा येते आणि दिवसाचा अंदाज बसतो. पुनवेला-अवसेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा फरक कमी. आम्ही मार्गशीर्षातली पंचमी धरली. थंडी सुरू झालेली, भात कापून झालेलं, चिखल वाळलेला.

टेंपोनं उजाडताना डिचोलीत सोडलं. पेडल लावली, चहा घेतला आणि नार्वेला, दिवाडीची फेरी सुटते तिथं, निघालो, हा रस्ता थोडा चढ-उताराचा आहे पण सावली भरपूर. नार्वेला सप्तकोटेश्वर. मूळ देऊळ पलीकडं दिवाडीवर होतं, कदंब राजांचं दैवत, पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर लिंग नदी ओलांडून इकडं आणलं आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी इथलं देऊळ बांधायला लावलं. हल्लीच जीर्णोद्धार झालाय, 2023 मध्ये. नणंद आत गेली ती बाहेरच येईना, मी सायकलींजवळ बसून शेंगा खाल्ल्या.

फेरीचा धक्का गाठला तेव्हा ओहोटी अगदी तळाला होती. ओहोटीत धक्क्याचा उतार लांबलचक उघडा पडतो आणि खालच्या टोकाला शेवाळ असतं, तिथं सायकलवरनं उतरून दोन्ही ब्रेक दाबत चालत जायचं, स्कूटरवाले सुर्रकन जातात त्यांच्या नादाला लागायचं नाही. आमच्याकडं सायकलीचे पैसे कुणी मागितले नाहीत. बोटीत एका काकांनी विचारलं कुठनं आलात, मी म्हटलं बेळगाव, तर हसून म्हणाले म्हणजे आमचं पाणी पळवणारे. आता काय बोलणार! म्हादई उगवते आमच्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात, इथं खाली येऊन तिचीच मांडवी होते, आणि कणकुंबीच्या कळसा कालव्यावरनं दोन राज्यं किती वर्षं भांडतायत. मी म्हटलं काका, आम्ही पाणी न्यायला नाही, बघायला आलोय. त्यावर ते आणखी हसले आणि कुठनं वळायचं, कुठं चहा मिळतो, सगळं समजावून दिलं.

दिवाडीवरचा खरा आनंद म्हणजे शेतातनं जाणारे रस्ते. सरळ, सपाट, दोन्हीकडं खाजन. ही शेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहेत, त्यामुळं सगळीकडनं मातीचे बांध घातलेत आणि बांधात मानस म्हणून लाकडी दारं बसवलेली असतात. ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं, भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानंच दार बंद होतं. मोटर नाही, माणूस नाही. पावसात त्याच शेतात भात, नंतर त्याच पाण्यात मासे-कोळंबी. आम्ही एका मानसीजवळ किती वेळ थांबलो असू, ओहोटी संपून पाणी फिरताना ते दार हळूहळू येऊन टेकलं तोपर्यंत. नणंद म्हणाली, वैनी, आपल्याकडं कॅनॉलच्या दाराला चार माणसं आणि एक इंजिनिअर लागतो. बांध मात्र जपावा लागतो, खेकडे भोकं पाडतात आणि एकदा फुटला की खारं पाणी आत, मग काही वर्षं भात विसरा.

चढ म्हणाल तर एकच, पिएदादच्या चर्चचा. सायकली ढकलत नेल्या, कुणाला काय दाखवायचंय. वरनं जुन्या गोव्याच्या चर्चचे मनोरे, मांडवी, कोकण रेल्वेचा पूल असं सगळं एका नजरेत दिसतं.

मुक्काम गावातच एका घरी केला. सकाळी सकाळी पोदेर म्हणजे पाववाला सायकलवर आला, मागं टोपली, भोंपू वाजवत, गरम पोयी म्हणजे कोंड्याचा पाव घेतला आणि घरनं आणलेल्या शेंगाचटणीबरोबर खाल्ला. घरमालकीणबाईंनी चटणीचा डबाच मागून घेतला, मी दिला, पाठीवरचं ओझं कमी झालं.

आता वाऱ्याचं सांगते, कारण सपाट मुलखात वारा हाच घाट असतो. सकाळी हवा शांत असते, दुपार झाली की समुद्राकडनं म्हणजे पश्चिमेकडनं वारा सुटतो. म्हणून पश्चिमेला जायचं ते सकाळी आणि परतायचं दुपारी, वारा पाठीवर घेऊन. आम्ही सकाळीच रायबंदरची फेरी धरली आणि तिथनं पणजीकडं तो लांब बांधाचा रस्ता, पोर्तुगीजांनी 1630च्या दशकात बांधलेला, जवळजवळ तीन किलोमीटर, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं. गाड्या बऱ्याच असतात, कडेनं जायचं, पण उतार-चढ शून्य. पणजीतनं नदीकाठानं मिरामारपर्यंत गेलो, वाळूत पाय बुडवले, सायकलींना मात्र वाळूत नेलं नाही. परत येताना काही पेडल मारायला लागलं नाही असं नाही, पण वाऱ्यानं निम्मं काम केलं.

रायबंदरला चोडणचा धक्का वेगळा आहे, दिवाडीचा वेगळा, बोर्ड बघून चढा. चोडणला उतरलं की लगेच सलीम अली पक्षी अभयारण्य, 1988 मध्ये जाहीर झालेलं, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर, पण खारफुटी अशी दाट की आतलं ऊन दिसत नाही. इथं परत भरतीचं गणित येतं. होडीनं आत जायचं असेल तर पाणी चढलेलं पाहिजे, आणि पक्षी चिखलात चरताना बघायचे तर ओहोटी पाहिजे. दोन्ही एकदम मिळत नाही. आम्ही पोचलो तेव्हा पाणी नुकतं चढायला लागलेलं, चिखलाच्या उरलेल्या पट्ट्यावर बगळे आणि चिखलावर उड्या मारणारे ते डोळे बटबटीत मासे, मला होडीपेक्षा हेच आवडलं. नणंदेला होडी पाहिजे होती, ती रुसली, तिला सोलकढी पाजून गाडी रुळावर आणली.

चोडणातनं मग मयेकडं रस्त्यानंच बाहेर पडता येतं, फेरी नको, आणि मयेतनं डिचोली. शेवटी थोडा चढ लागतो. टेंपोवाला रिकामी क्रेट घेऊन परत निघायच्या बेतात होता, सायकली वर टाकल्या, आम्ही केबिनमध्ये, घाट चढेपर्यंत दोघी झोपलेल्या.

घरी आल्यावर एक काम टाळू नका. खाडीच्या हवेचं मीठ दिसत नाही पण साखळीवर, स्पोकवर बसतं. गोड्या पाण्यानं धुवायची, फडक्यानं कोरडी करायची, उन्हात थोडा वेळ ठेवून साखळीला तेल. मी दुसऱ्याच दिवशी केलं. नणंदेला फोन करून सांगितलं तर म्हणाली, माझी आधीपासनंच गंजलेली हाय की वैनी, तिला काय फरक पडतोय.