वस्तीवरची कुत्री आणि गोचीड

पावसाने उघडीप दिली की कुत्र्याचे कान, बोटांच्या बेचक्या आणि गळपट्ट्याखालची जागा रोज चाचपायची. गोचीड चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढा. पिळला तर तोंड आत राहून गाठ धरते. काढलेला साबणाच्या पाण्यात टाका. रॉकेल चोपडू नका, कातडी भाजते आणि कुत्रं ते चाटतंच.

खरा अड्डा भिंतीत असतो. रक्त पिऊन टम्म झालेली मादी भेगेत शिरून हजारो अंडी घालते. भेगा सिमेंटने बुजवा, पोत्याचं अंथरूण दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढा. गुरांचं औषध अंदाजाने लावणं म्हणजे विषाची परीक्षा. जेवण टाकलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, लघवी काळपट झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर.